दाराखालच्या चपला

प्रिय दादा,

तू घर सोडल्यावर सहा वर्षांनी झेरॉक्सवाल्याच्या काउंटरखाली तुझे चित्रकथांचे अंक विकायला ठेवलेले सापडले. टोपणनाव घेतलंस, पण बाबांचं नाक कसं लपवशील? पहिले तीन मी हसत हसत जमवले.

चौथ्यात बाबांच्या हातात पट्टा होता, भिंतीशी तू. आणि लोटलेल्या दाराखालच्या फटीत दोन चपला. एकीच्या अंगठ्याला सेफ्टी पिन.

मी बाहेर उभी होते हे तुला कळलंच नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. दाराला कडीसुद्धा नव्हती, दादा.

त्या दिवशी उरलेल्या सगळ्या प्रती मी उचलल्या. तेव्हापासून प्रत्येक अंकाच्या सगळ्याच उचलते. कुणी बघायला नको.

आज झेरॉक्सवाला म्हणाला, "ताई, तुमचा चित्रकार भलताच खूश आहे. म्हणतो, लोकांना माझं म्हणणं पोचतंय. पुढचा अंक दुप्पट काढतोय."

मी गप्प राहिले. तेव्हासारखीच.

हे पत्र त्याच्याकडे दिलं तर तुला नक्की मिळेल, म्हणूनच देणार नाही. तुझे लोक म्हणजे मी एकटीच आहे रे. बाकी सगळं माझ्या पलंगाखाली आहे.

तुझी,
छोटी