दादाला पोचेल असा ॲम्प्लिफायर

३ नोव्हेंबर, रविवार

तीन-तीन! पुन्हा तीन-तीन!

सकाळी सातला रेडिओवरून दादाला हाक मारली. अकरा वर्षं दर रविवारी मारते आहे. विचारलं, गुडघा कसा आहे. "पुन्हा सांग." पुन्हा विचारलं. "पुन्हा सांग." चौथ्यांदा माईकमध्ये इतकी ओरडले की हे स्वयंपाकघरातून चहाचं गाळणं हातात घेऊन धावत आले. आणि तिकडून दादा अगदी थंडपणे, "टिटवे, तुझा रिपोर्ट तीन-तीन. शब्द धड लागत नाहीत, सिग्नल दुबळा." वर म्हणतो, "किती दिवस ओढायचं हे? महिनाअखेर मी अँटेना उतरवतो."

उतरवतो म्हणे! गच्चीवर वाळत घातलेली चादर आहे का ती?

बाकी सगळे मला पाच-नऊ देतात. म्हणजे पैकीच्या पैकी – शब्द स्वच्छ, सिग्नल दणदणीत. पण हौशी रेडिओवाल्यांचं पाच-नऊ मला माहीत आहे. खिरापत वाटावी तसे वाटतात, समोरच्याला बरं वाटावं म्हणून. खरा रिपोर्ट एकटा दादा देतो. पस्तीस वर्षं जहाजावर रेडिओ ऑफिसर होता. वादळात, इंजिनाच्या धडधडीत, मुंगीच्या पावलाएवढा सिग्नल वेचणारे त्याचे कान. "खोटा रिपोर्ट म्हणजे खोटी साक्ष" – हे वाक्य त्याचंच.

तेव्हा माझाच सिग्नल दुबळा. माझ्या रेडिओचे शंभर वॅट पुरत नाहीत. ॲम्प्लिफायर घ्यायचा, आणि तो याच महिन्यात. बघतेच कसा उतरवतो अँटेना.

५ नोव्हेंबर, मंगळवार

दुकानात गेले. चकाचक पेटी, सहाशे वॅट, पुढे रंगीत पडदा. किंमत ऐकून जीभ टाळूला चिकटली – माझा आठ महिन्यांचा पगार! तरी म्हटलं, असू दे. विचारलं, आतला ट्रान्झिस्टर उडाला तर? दुकानदार माझ्या डोक्यावरून दाराकडे बघत म्हणाला, "काकू, साहेबांना घेऊन या ना. त्यांना नीट समजावून सांगतो."

साहेब! आमच्या साहेबांना फ्यूज गेलाय की वीज गेलीय एवढंसुद्धा कळत नाही. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं पोरांनी जाळलेले मीटर दुरुस्त करते आहे. तसं सांगितलं. तो हसला. हसला!

मग त्याच्याकडून एकेक गोष्ट उपटून काढली. नुसता ट्रान्झिस्टर मिळत नाही, अख्खा बोर्ड बदलावा लागतो. बोर्ड कंपनीच देणार, दोन-तीन महिने लागणार. सर्किटचा नकाशा देत नाहीत. झाकण उघडलं तर वॉरंटी गेली. म्हणजे घर माझं, पैसे माझे, आणि कुलूप त्यांचं. "पण बिघडतच नाही हो," म्हणाला. न बिघडणारी वस्तू मी अजून पाहिलेली नाही. बिघडली तर कोण दुरुस्त करणार, एवढंच विचारायचं असतं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

हिशेब मांडला आणि डोकंच फिरलं. वॅट चौपट केले तर समोरच्याच्या मीटरवर काटा सरकतो एक घर. फक्त एक! तिनाचे चार होणार. त्यासाठी एवढी जिवाची तगमग.

तरी घेणारच.

९ नोव्हेंबर, शनिवार

जुना व्हॉल्व्हवाला ॲम्प्लिफायर बघायला गेले. विकणारा चष्मेवाला रेडिओवर फार गोड बोलतो, म्हणून विश्वास ठेवला – मीच मूर्ख. "लोण्यासारखा चालतो, ताई!" झाकण उघडलं तर ट्रान्सफॉर्मरला जळका वास, कपॅसिटर फुगून टम्म. काचेचे दोन मोठे व्हॉल्व्ह, त्यातला एक आतून दुधाळ झालेला. म्हणजे हवा शिरलेली, म्हणजे मेलेला! "हा मेलाय," मी म्हटलं. "छे हो, तो रंगच तसा असतो." माझ्या तोंडावर! तसले व्हॉल्व्ह आता बनत नाहीत. जुन्या साठ्यातला एखादा मिळालाच तर नवरत्नांच्या भावात, आणि तोही चालेल की नाही देव जाणे. शिवाय आत अडीच हजार व्होल्ट. एक चूक आणि माझाच फोटो भिंतीवर.

ते धूड दोघांनाही उचलत नव्हतं. चष्मेवाला म्हणतो, "वजन म्हणजे क्वालिटी." त्याच्या डोक्यात क्वालिटी फार असणार.

१० नोव्हेंबर, रविवार

तीन-तीन.

नंतर फोन लावला. भाचीनं उचलला. "बाबा गच्चीवर आहेत, आत्या." मागच्या खेपेला अंघोळीला गेले होते, त्याआधी झोपले होते. वर्ष झालं, तो फोनवर येत नाही. बहिणीशी बोलायला वेळ नाही, अँटेना उतरवायला आहे! भाचीला वाटेल तसं बोलले. ती बिचारी नुसतं "हो, आत्या" म्हणत राहिली.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज जरा माणसात आले. खाटखूटकडे गेले होते. कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर – गॅरेजमध्ये दिवसभर काहीतरी ठोकत असतो म्हणून सगळे त्याला खाटखूट म्हणतात. स्वतः ॲम्प्लिफायर बनवतो. दिसायला अगदी भंगार! पेटीचा पत्रा कुठल्याशा जुन्या फ्रिजचा, एका बाजूला अजून दाराच्या बिजागरीची भोकं आहेत. चारशे वॅट. पण आत चार साधे ट्रान्झिस्टर, कुठल्याही बाजारात मिळतील असे. रिबिट एक नाही, सगळे स्क्रू. सर्किटचा नकाशा झाकणाच्या आतच डकवलेला.

"एक उडाला तर?" मी विचारलं.

"तर चिमट्यानं काढायचा आणि दुसरा लावायचा," तो म्हणाला. "हे घ्या चार जादा. यांचे पैसे नकोत. तुम्ही नकाशा आधी वाचलात आणि किंमत नंतर विचारलीत, म्हणून."

घेतला! उघडता येते ती वस्तू आपली. ह्यांनी पेटीकडे बघून विचारलं, "यात बर्फ होतो का?" सध्या ह्यांच्याशी अबोला.

१७ नोव्हेंबर, रविवार

वायरिंग व्हायचं आहे, म्हणून आज शंभर वॅटच. तीन-तीन. मी नुसती दातओठ खात बसले.

लहानपणी मोर्स – टिंब-रेघांची भाषा – मला दादानंच शिकवलं. आईला खटखट चालायची नाही, म्हणून जेवताना टेबलाखाली माझ्या तळहातावर बोटानं ठोकायचा. टि-टा. टा-टि-टि. आठ वर्षांची मी, आधी तळहातानं वाचायला शिकले, कानानं मागाहून. दिवसभर टि-टि करत हिंडायचे म्हणून टिटवी. जहाज सोडलं तसं त्यानं मोर्सही सोडलं. "पस्तीस वर्षं टिकटिक केली, आता माणसासारखं बोलू दे," म्हणाला.

बोल ना मग! बोल की!

२१ नोव्हेंबर, गुरुवार

कॉलेजातून रजा काढून जोडणी केली. चारशे वॅटला सात कमी मिळाले. पंखा दळणाच्या गिरणीसारखा ओरडतो, पण तापत नाही. शाब्बास खाटखूट! आता बघू कसा म्हणतो तीन.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज सगळं लिहून काढते.

सातला ॲम्प्लिफायर लावून दादाला हाक मारली. उत्तर – "टिटवे, तीन-तीन. काही फरक नाही. शनिवारी उतरवतो मी अँटेना."

एवढ्यात मध्येच तिसरा आवाज आला. कंपाउंडर. दादाच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतो, अधूनमधून आमचं ऐकत असतो. "ताई, जरा बेतानं! माझा काटा पलीकडच्या खिळ्याला टेकलाय!"

"मला खिरापत नको," मी ओरडले. "खरं सांगा!"

"खरंच सांगतोय. आणि आजचंच नाही, तुम्ही कायमच अशा येता. गेल्या महिन्यातही कानठळ्या बसत होत्या."

दोन गल्ल्या! तोच वारा, तेच आकाश, तीच लहर. तिथे काटा मोडतोय आणि इथे तीन-तीन? म्हणजे बिघाड दादाच्या रेडिओत! मी इकडे दुकानं पालथी घातली, फुगलेले कपॅसिटर हुंगत फिरले, आणि रेडिओ त्याचा खराब! तडक फोन लावला. भाचीला म्हटलं, "त्याचा रेडिओ मेलाय, एवढं घरात कुणाच्या लक्षात येत नाही?"

तिनं खोलीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाली, "आत्या, रेडिओ चांगला आहे. बाबांना ऐकू येत नाही. वर्षभर कमी होत होतं, आता दोन्ही कान गेले. यंत्र लावून पाहिलं, उपयोग नाही. मीटरचा काटा हलला की आत्या बोलतेय म्हणतात, पडला की अंदाजानं काहीतरी बोलतात."

म्हणजे काटा पलीकडे आपटताना तो डोळ्यांनी बघत होता आणि मला तीन-तीन सांगत होता! खोटी साक्ष! दादानं!

"मला सांगितलं का नाही?"

"बाबाच नको म्हणाले. म्हणाले, कान गेले म्हटलं तर ती रडत बसेल. सिग्नल दुबळा म्हटलं तर चिडेल. चिडलेली बरी, चिडली की ती कामाला लागते."

फोन आपटला. मग ॲम्प्लिफायरचा पंखा चालूच राहिला होता, तो बंद केला आणि तिथेच बसून रडले. म्हणजे त्याचं तेही बरोबरच निघालं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी चहापाशी बसले होते. हे म्हणाले, "बोटं आवर. तू तिकडे ठोकतेस आणि इकडे माझी बशी थरथरतेय. हाताला जाणवतंय."

कप तसाच ठेवून उठले. भाचीला फोन केला.

"बाबांच्या रेडिओच्या स्पीकरला पुढे जाळी आहे. चार स्क्रू. काढ."

"कशाला आत्या?"

"काढ म्हणते ना! आणि त्याला कागदावर लिहून दाखव – अँटेनाला हात लावलास तर गाठ माझ्याशी आहे."

१ डिसेंबर, रविवार

ॲम्प्लिफायर बंद. माईक ड्रॉवरमध्ये. शंभर वॅट आणि मोर्स ठोकायची जुनी की.

भाचीनं दादाचं बोट स्पीकरच्या उघड्या कागदी पडद्यावर – आवाजानं थरथरतो त्यावर – टेकवून ठेवलं होतं. सातला मी ठोकलं – दादा. तिकडे काही नाही. पुन्हा ठोकलं – दादा. मग मोर्समध्ये त्याचा हात ऐकू आला. आधी अडखळत, गंजलेला, मग तसाच, टेबलाखालचा.

"टिटवे. पाच-नऊ. इतके दिवस ओरडत कशाला होतीस?"