सीलबंद तळघरातील काडतुसे फोडून तोलण्याबाबत

प्रति,
मा. शस्त्र परवाना अधिकारी,
जिल्हा पोलीस कार्यालय,
स्टोरहेल खोरे, नॉर्वे.

विषय : अर्जदाराच्या राहत्या घरातील तळघर उघडून, तेथील हाताने भरलेली काडतुसे फोडून त्यांतील दारूचे समक्ष वजन करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) जुलैमधील अपघाताचा आपल्या कार्यालयाचा पंचनामा.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे अनुत्तरित अर्ज.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार टोर्लेइव्ह ब्रेक्हुस, व्यवसाय दूध संघाचा टँकर चालविणे, सविनय सादर करतो की,

१. अर्जदार तरुणपणापासून येथील नेमबाजी मंडळाचा सभासद आहे. विकतचे काडतूस कोणाच्याही रायफलीत चालावे अशा बेताने केलेले असते. म्हणूनच ते कोणाच्याच रायफलीशी पुरते जुळत नाही. यास्तव अर्जदार उडालेल्या पितळी पुंगळ्या साफ करून, ठिणगी देणारी नवी टोपी बुडाशी बसवून, दारू तोलून, वर गोळी दाबून आपली काडतुसे आपणच भरतो. आपल्या कार्यालयाची त्यास रीतसर परवानगी होती.

२. मागील हिवाळ्यात अर्जदाराने रायफलीच्या नव्या नळीसाठी नवी भरणी, म्हणजे दारू व गोळीचे माप, बसविली. काडतुसे भरण्याच्या पुस्तकातील सर्वांत कमी मापापासून सुरुवात केली. दारू किंचित किंचित वाढवीत, दर मापाची पाच काडतुसे झाडून, प्रत्येक वेळी जादा दाबाच्या खुणा शोधल्या : पुंगळीचे बूड पाहिले, टोपी चपटी झाली का पाहिली, बोल्ट उचलताना हाताला जड लागतो का पाहिले. एका मापाला निशाणावर पाचही भोके एकमेकांना चिकटून पडली. अर्जदार तेथे थांबला नाही, एक पायरी मागे आला; कारण फेब्रुवारीच्या थंडीत गरीब वाटणारी दारू उन्हाळ्यात चढते, दाब वाढवते. मागच्या पायरीवर भोके थोडी फाकली. ते अर्जदाराने आनंदाने सोसले. गोळी मात्र त्याने स्वतःच्या नळीच्या आतील पिळाच्या आट्यांपर्यंत पोचेल एवढी बाहेर ठेवली होती. दुसऱ्याच्या रायफलीत तीच गोळी आट्यांत रुतते आणि दाब कोठल्या कोठे जातो. म्हणून प्रत्येक पेटीवर 'फक्त टोर्लेइव्हची रायफल' असे ठळक लिहिलेले होते.

३. अर्जदाराची बहीण राग्नफ्रिड व तिचे यजमान एइलिफ मोएन त्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात. एइलिफ मंडळाच्या मैदानाचे रखवालदार आहेत. जुलैतील जिल्हा सामन्यात त्यांच्या हाती यांपैकी एक पेटी होती. ती सकाळभर मोटारीच्या काचेखाली उन्हात पडून होती. त्यांच्या स्वतःच्या रायफलीत तिसऱ्या गोळीला पुंगळी फाटली, उलटा आलेला जाळ त्यांच्या तोंडावर गेला, आणि उजवा डोळा कायमचा गेला. अर्जदार शेजारच्या चटईवर नेम धरून पालथा होता. त्याने प्रथम आवाज ऐकला, मग एइलिफ अगदी हळू म्हणाले ते ऐकले, "टोर्लेइव्ह, बघ रे, काय झालं?"

४. इस्पितळात आपले शिपाई एइलिफ यांना म्हणाले, "काडतुसं कुणी दिली?" एइलिफ म्हणाले, "टोर्लेइव्हने." अर्जदार खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याने काही दिलेले नव्हते. राग्नफ्रिडने त्याचा कोट मागून घट्ट धरला आणि त्याने तोंड उघडले नाही. बाहेर ती म्हणाली, "विचारल्याशिवाय उचलली म्हटलं तर मैदानाची नोकरी गेली त्याची. एका डोळ्याच्या माणसाला दुसरी कोण देणार? तू दिलीस म्हण ना. तुझं काय जातंय?"

५. त्यावर आपण स्वतः अर्जदारास समजावून सांगितले ते असे : दिली म्हणाल, तर दुसऱ्याच्या रायफलीसाठी धोकादायक काडतूस दिल्याचा गुन्हा, दिली नाही म्हणाल, तर काडतूस नीट कुलपात न ठेवल्याचा गुन्हा. दोहोंपैकी एक लिहून द्या. अर्जदाराने विनंती केली की, उरलेली काडतुसे अर्जदाराच्या रायफलीत झाडून पाहावीत. रायफल जप्त आहे, असे उत्तर मिळाले. आपल्या तज्ज्ञांनी झाडावीत, म्हटले. परवाना स्थगित असलेल्या माणसाने भरलेले काडतूस तज्ज्ञास झाडता येत नाही, असे कळले. परवान्याची स्थगिती उठवावी, म्हटले. काडतुसे सुरक्षित ठरल्याशिवाय ती उठत नाही. अर्जदार टँकर घेऊन घाटात दिवसातून दोनदा वळतो, परंतु असे वळण त्याने पाहिलेले नाही.

६. अर्जदार काडतुसे तळघरात भरतो व ठेवतो; जुलैत आपल्या शिपायांनी अपघातातील पेटीही तेथेच ठेवून दारास लाख लावून सील केले आहे. घराच्या पाण्याचा मुख्य नळ आतच आहे. ऑक्टोबरातील थंडीच्या पहिल्या कडाक्यात वरच्या मजल्याची पाण्याची नळी फुटली व नळ बंद करता आला नाही. शेवटी नगरपालिकेने रस्त्यावरूनच पाणी तोडले. तेव्हापासून अर्जदार व एइलिफ शेजाऱ्यांच्या गोठ्यातून बादल्यांनी पाणी आणतात. बटाटे आणि राग्नफ्रिडच्या मुरंब्याच्या बरण्याही आत आहेत. राग्नफ्रिडने आपल्या शिपायांना विचारले असता ते म्हणाले, "बाई, आतलं सगळं पुरावा आहे." राग्नफ्रिड म्हणाली, "बटाट्यांना कोंब फुटलेत, दाराखालून वास येतोय. त्यांची साक्ष कधी घेताय?" याचे उत्तर अद्याप आलेले नाही.

७. पेटी कोणी दिली-घेतली हे सोडून येथवरचे सर्व अर्जदाराने पूर्वीच्या अर्जांत कमी-अधिक लिहिलेले होते. आता जे लिहावयाचे आहे ते गेल्या रविवारचे. एइलिफ स्वयंपाकघरात कॉफी ओतत होते. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही; कॉफी पेल्याच्या बाहेर टेबलावर पडत राहिली. अर्जदाराने पेला पुढे सरकवला. एइलिफनी किटली खाली ठेवली आणि म्हणाले, "पेटी मी उचलली. तळघरातल्या कपाटाची चावी खुंटीला होती. विचारलं असतं तर तू दिली नसतीस."

अर्जदार म्हणाला, "नसतीच दिली."

"तुझी पाच भोकं बघितली होती मी. वाटलं, एकदा आपलीही तशी पडावीत." मग बराच वेळ ते टेबल पुसत राहिले. "एक सांग. दारू जास्त तर नव्हती पडली ना त्यात?"

महोदय, या प्रश्नास अर्जदार उत्तर देऊ शकला नाही. ऊन होते, नळी दुसरी होती, गोळी आट्यांत रुतली असणार, हे सर्व तो जाणतो. प्रत्येक माप त्याने तोलले होते, हेही जाणतो. पण तराजूच्या काट्याखाली एखादा कण अडकला असला तर? एखाद्या संध्याकाळी घाटातून दमून आल्यावर त्याने आकडा चुकीचा वाचला असला तर? जुलैपासून तो मनात एकेक काडतूस पुन्हा भरतो आहे आणि त्या एका पेटीपाशी येऊन अडकतो आहे. त्यास स्वतःचीच खात्री राहिलेली नाही. दाराला सील आपण लावले. हा दुसरा दरवाजा कोणी लावला ते त्यास सांगता येत नाही.

एइलिफ म्हणाले, "लिही साहेबांना. जसं झालं तसं लिही." राग्नफ्रिड चुलीपाशी पाठ करून उभी होती. ती म्हणाली, "आणि नोकरी?" एइलिफ म्हणाले, "जाईल. पण ह्याच्या समोर बसून रोज जेवायचं आहे मला." ती वळली. तिने टेबल दुसऱ्यांदा पुसले, ते कोरडे असतानाही.

८. सबब, चावी खुंटीला ठेवणे हा अर्जदाराचा दोष त्यास मान्य आहे. त्यापोटी परवाना कायमचा गेला तरी तो हरकत घेणार नाही. रायफलही परत मागत नाही. एइलिफ यांनी हा अर्ज वाचून घेऊन खाली सही केली आहे व होईल ती कारवाई सोसण्यास ते तयार आहेत. मागणी एवढीच की, तळघर उघडावे. त्या अपघातातील पेटीत उरलेली काडतुसे आपल्या माणसाने झाडू नयेत, फोडावीत. गोळी उपसून दारू ताटलीत ओतावी आणि एकेक तोलावी. यासाठी ना रायफल लागते, ना परवाना. काटा आपल्या कार्यालयाचा असावा, अर्जदाराचा नको. माप बरोबर निघाले तर ते मोठ्याने वाचावे. जास्त निघाले तरी मोठ्याने वाचावे. अर्जदार खोलीबाहेर जाणार नाही.

आणि त्या वेळी एइलिफ मोएन यांना काट्याच्या अगदी जवळ, उजव्या बाजूस बसवावे, म्हणजे त्यांच्या डाव्या डोळ्याला आकडा दिसेल.

कळावे. जो आकडा येईल त्यास बांधील,

आपला नम्र अर्जदार,
(सही) टोर्लेइव्ह ब्रेक्हुस

वाचले, मान्य :
(सही) एइलिफ मोएन

दिनांक : २१ ऑक्टोबर १९८७

सोबत : नगरपालिकेची पाणी तोडल्याची नोटीस.

ता.क. : बहीण राग्नफ्रिड मोएन यांच्या आग्रहावरून नमूद करतो की, वजन कसेही निघो, बटाटे त्याच दिवशी बाहेर काढू द्यावेत.