अखंड दिव्याची वात

शुक्रवार, २ सप्टेंबर १९८८, चोपडा

बैठक तीन ऑक्टोबरला ठरली. नवरात्रातल्या अखंड दिव्याची वात यंदा कोणी वळायची, एवढाच विषय. सोहनलालशेठ स्वतः ओट्यावर येऊन सांगून गेले. देवळाचे ते विश्वस्त, दिव्याचे तेलही त्यांच्याच घाण्याचे.

"यंदा वात जळगावहून तयार आणू, आबा. झुंबरबाईला कोणी काही बोलणार नाही. फक्त बोलावणार नाही."

झुंबरबाई चौदा वर्षे ही वात वळते आहे. जिनिंगमध्ये कापूस निवडण्याचे काम. हात त्यातच मुरलेला. गेल्या वर्षी श्रावणात तिचा नवरा, पुना, वारला, आणि आश्विनात, ललितापंचमीच्या दुपारच्या आरतीत, सर्वांच्या देखत दिवा शांत झाला. लोकांनी या दोन गोष्टींची गाठ मारली. तेव्हापासून बारशाच्या घुगऱ्यासुद्धा तिच्या दारी जात नाहीत.

गावात शास्त्रार्थ मलाच विचारतात. गेल्या नवरात्राआधी तिच्या बाजूने निर्णय मीच दिला होता. विधवेच्या हातची वात चालेल का, अशी कुरकुर झाली तेव्हा मी तोड काढली — वात तिनेच वळावी, मी ती तीन वेळा पाण्यात बुडवून, प्रोक्षण करून शुद्ध करून द्यावी. सर्वांनी माना डोलावल्या. तशीच केली. दोन दिवस आमच्याच ओट्यावर वाळली. देवळात नेऊन ठेवली ती तिनेच.

जो निर्णय देतो त्याने परिणामाचेही कारण शोधावे. शास्त्रग्रंथ पुन्हा चाळले. हाताच्या दोषाने दिवा विझतो असे वचन मला कोठेही मिळाले नाही. आता दिव्यालाच विचारले पाहिजे.

रविवार, ४ सप्टेंबर

पाच पणत्या, एकच तेल, एकाच कापसाच्या सारख्या लांबीच्या वाती. एक आमच्या सौ. सुनंदाबाईंनी वळली, चार झुंबरबाईकडून आणवल्या. सुनंदाबाई म्हणाल्या, "चाळीस वर्षांत माझी वात कधी तपासली नाहीत ती!"

वळताना बोट सरकू नये म्हणून बायका काही ना काही लावतातच. कोणी दुधाचे बोट, कोणी राख, कोणी हळदीचे पाणी. झुंबरबाई राख लावते. तेव्हा तिची एक वात तिच्या रीतीची राखेची, एक दुधाची, एक हळदीची, एक कोरडी. सुनंदाबाईंची राखेची.

सकाळी सातला पेटवल्या. घड्याळ समोर ठेवून बसलो.

हळदीची वात पहिल्यापासून मंद. कापसाच्या तंतूंमध्ये जी सूक्ष्म पोकळी असते तिच्यातून तेल वर चढते. हळदीची पूड ती पोकळी भरून टाकते. दुधाची वात प्रथम उत्तम, पण अकराच्या सुमारास टोकाला टणक काजळी धरली. झाडली तेव्हा पुन्हा नीट जळू लागली. कोरडी ठीक जळली. राखेच्या दोन्ही वाती संध्याकाळपर्यंत सारख्या. सधवेची आणि विधवेची, ज्योतीत केसाचा फरक नाही.

वातीत जो कापूस आहे त्याहून, जेथे तो नाही त्या पोकळीचे काम मोठे. हे मला सत्तराव्या वर्षी कळले.

गुरुवार, ८ सप्टेंबर

पाऊस. वाती दमट, तडतडतात. निष्कर्ष काढू नये.

मंगळवार, १३ सप्टेंबर

शेठजींना म्हणालो, दोष हातात नाही, कदाचित तेलात असेल. ते उभेच राहिले. "माझ्या तेलात? आबा, तुम्ही मोठे, म्हणून ऐकून घेतो."

गेल्या वर्षीचे अर्धा डबा तेल देवळाच्या कोठीत शिल्लक होते. आणून पेटवले. निर्मळ जळाले. संध्याकाळी त्यांच्या दुकानी जाऊन तसे सांगितले. त्यांनी चहा मागवला.

सोमवार, १९ सप्टेंबर

हात नाही, तेल नाही. राहिले ते माझे धुणे. तेही तपासले. राखेची वात विहिरीच्या पाण्यात तीन वेळा बुडवली, दोन दिवस उन्हात वाळवली, आज पेटवली. दिवसभर जळली. न धुतलेल्या वातीइतकीच चांगली.

म्हणजे कारण उरले नाही. झुंबरबाई वाटेत भेटली. पदर पुढे ओढून बाजूला झाली. मी काय करतो आहे हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. तिने मात्र एका शब्दाने विचारले नाही.

रविवार, २५ सप्टेंबर

आज जे घडले ते जसेच्या तसे लिहून ठेवतो.

वरच्या पावसाने नळाला लाल गढूळ पाणी आले. सुनंदाबाई घंगाळात तुरटी फिरवत होत्या. मी म्हणालो, खडा आतच राहू द्या, लवकर निवळेल.

"अहो, चार वेढे फिरवून काढायचा असतो. गेल्या वर्षी तुम्ही खडा आतच ठेवलात. पाणी इतकं तुरट झालं की तोंडात धरवेना. ओतून दिलं मी सगळं."

गेल्या वर्षी अवर्षण होते. विहीर आटली होती आणि टँकरचे पाणी मातकट. देवीच्या वातीसाठी पाणी स्फटिकासारखे हवे म्हणून मी मोठा खडा रात्रभर लहान घंगाळात ठेवला होता. विसरलो नव्हतो. मुद्दाम ठेवला होता. सकाळी त्याचा अर्धाच भाग उरला होता आणि तळ स्वच्छ दिसत होता. त्यात वात तीन वेळा बुडवली.

यंदा मी विहिरीचे पाणी घेतले. प्रयोगातून नेमकी तीच एक गोष्ट वगळली होती.

सोमवार, २६ सप्टेंबर

भाईदास रंगाऱ्याकडे गेलो. तुरटी त्याच्या रोजच्या हातची. त्याला विचारले, कापसात तुरटी गेली तर काय होते?

"रंग धरून ठेवते, आबा. आणि पेटू देत नाही. तमाशाच्या कनाती आम्ही तुरटीच्या पाण्यातून काढायचो, कोणाची विडी पडली तरी जळू नयेत म्हणून." मग मिशीत हसला. "का हो? देवीपुढं कनात लावली होती का तुम्ही?"

मी हसलो नाही.

बुधवार, २८ सप्टेंबर

तुरटीच्या पाण्यात बुडवलेली वात कालपर्यंत वाळली. बोटांना काडीसारखी कडक, वर पांढरी साय. आज पेटवली. पाव तासात ज्योत बुटकी. टोकावर खडीसारखे कवच. ते झाडून वात पुढे सारली की पुन्हा थोडी तग धरते. हात लावला नाही तेव्हा दीड तासात शांत.

गेल्या वर्षी पुजारी दर तासाला वात पुढे सारत होते. म्हणून पाचव्या दिवसापर्यंत निभावले. पंचमीच्या आरतीच्या गडबडीत तेवढे राहिले असणार.

ज्या दोषाच्या शंकेने मी वात धुतली तो दोष तिच्यात नव्हता. धुण्याने आला.

सोमवार, ३ ऑक्टोबर

बैठकीत तुरटीची आणि साधी, दोन्ही वाती पेटवून दाखवल्या आणि चूक माझी आहे असे स्वच्छ शब्दांत सांगितले. धुण्याची अट घातली तीही माझी, तुरटीही माझी.

मग शेठजी — "म्हणजे तेल माझं चांगलंच होतं ना, आबा?" सगळे हसले. कोणी म्हणाले, आबांची चूक कसली, भक्तीपोटीच झाले ते. वात झुंबरबाईनेच वळावी असे ठरले. पुढचा विषय मांडवाचा निघाला.

माझ्या हातून दिवा विझला हे ऐकल्यावर मला क्षमा करायला त्यांना निमिषही लागले नाही. तिला या लोकांनी वर्षभर शिक्षा दिली.

मंगळवार, ११ ऑक्टोबर, घटस्थापना

पहाटे वात आणायला मीच तिच्या दारी गेलो. झाले ते सर्व सांगितले, क्षमा मागितली. ती उंबऱ्याकडे पाहत म्हणाली, "माले तवाच समजनं व्हतं, आबा. वात देवळात नेताना हातले कडक लागनी."

मग बोलली का नाहीस, असे विचारले.

"तुमना सबदवर तं मनी वात देवळात जाये. तो सबद मी कशी मोडू?"

वात दोन्ही हातांनी घेतली. धुतली नाही.