छतावरचे बूट

अहो तोफवाले,

हे पत्र पाठवता येणार नाही. लढाईला जाताना तुम्ही आमचा बायकापोरांचा मजला अवकाशयानापासून सुटा करून मागे ठेवलात, तेव्हापासून आम्हाला संदेश पाठवायला बंदी आहे. शत्रूला आमचा ठावठिकाणा कळेल म्हणे. तरी लिहितेय, कारण तुमच्याशी बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

तुमची तोफखोली बरोबर आमच्या छतावर होती. तुमच्या बुटांच्या धाडधाडीवरून मी किती खेकसायचे! "हळू चाला की जरा, पोर आत्ता कुठे झोपलीय!" आता छताच्या वर नुसतं अवकाश आहे, आणि तुमची लेक झोपायचं नाव घेत नाही. टक लावून वर बघत राहते.

काल वैतागून मी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. अगदी तुमच्यासारखं, एक पाऊल जड, एक हलकं. पोरगी लगेच पेंगुळली. तेवढ्यात तोफेवरच्या तुमच्या जोडीदाराची बायको शेजारून तरातरा आली. मला वाटलं, आता भांडणार. ती दारातच थबकली, वर बघत राहिली आणि म्हणाली, "थांबू नकोस गं."

माझे हात भरून आलेत. या आता, आणि खुशाल आपटा ते बूट.

तुमचीच,
खालच्या मजल्यावरची