मंदाची बांधणी आणि माझं धान

मोहाडी, ता. २१ मे १९८२

तीर्थरूप सौ. चंद्रभागाबाईस, धाकट्या कुंताचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

बाई, आम्ही सगळे इथे सुखरूप आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला गेला का? (जात नसेल तर विड्या आधी जाऊ देत म्हणावं.) तुझ्या रुखमाच्या लग्नाला आता पंधरा-सोळा दिवस उरले. पत्रिका मिळाली. आमच्या गुलाबने ती तीनदा वाचली आणि स्वतःचं नाव कुठे नाही म्हणून रुसली. दहा वर्षांची झाली तरी तिला सगळीकडे स्वतःचं नाव लागतं. हा गुण आपल्या माहेरचा नाही, एवढंच सांगते.

तर आता मंदाचं. तुला माझी धाकटी जाऊ मंदा आठवते ना, नागपूरची? भाऊजींना सुटी मिळाली नाही, म्हणून ते तिला इथे सोडून परत गेले आणि ती महिनाभर राहायला आली. येताना काय आणावं माणसाने? एखादी साडी, संत्र्याची बर्फी. हिने रंगाच्या पुड्यांची पिशवी आणली! महिला मंडळात बांधणी शिकली म्हणे. कापडात हरभरा धरायचा, वरून दोरा गच्च आवळायचा, अशा गाठी मारत जायचं आणि कापड रंगात बुडवायचं. वाळल्यावर गाठी सोडल्या की दोऱ्याखालची जागा पांढरी राहते आणि ठिपक्यांची नक्षी दिसते. एवढंच. पण आल्याच्या दुसऱ्या दिवशी हिने अंगणात लिंबाखाली सतरंजी टाकली आणि गल्लीतली सगळी पोरं गोळा केली. मग पोरांच्या मागून त्यांच्या आया आल्या. कोणाचा रुमाल, कोणाची उशीची खोळ, कोणाचं झबलं, जे दिसेल ते बुडव. आमच्या दोरीवर एक पांढरा कपडा म्हणून उरला नाही.

बाई, मी जळले. तुझ्यापासून काय लपवायचं? सरळ लिहिते, जळले. दर मे महिन्यात गुलाब माझ्याजवळ बसून शेवया करते, कुरडया घालते, निम्मा चीक खाऊन टाकते आणि मी ओरडते. तो आमचा दोघींचा महिना असतो. यंदा मी छपरीत एकटी कुरडया घालत बसले आणि अंगणातून गुलाबचं खिदळणं ऐकत राहिले. माझ्या हाताच्या कुरडईत पंधरा वर्षं मीठच शोधणाऱ्या सासूबाईंनी मंदाची उशीची खोळ उन्हात धरून “वा!” म्हटलं. बाई, या घरात मी “वा” हा शब्द पहिल्यांदा ऐकला. आणि यांचं तर विचारूच नको. यांनी आपली बनियन दिली रंगवायला. मंदाने तिच्यावर पोटाच्या मधोमध पिवळं चक्र काढलं, आणि हा माणूस सदऱ्याची बटणं उघडी टाकून आठवडी बाजार फिरून आला. आमच्या लग्नात मी विणलेला स्वेटर यांना टोचतो!

तेही सोसलं असतं. पण एका संध्याकाळी गुलाब हात निळे करून आली आणि म्हणाली, “आई, काकूले सारंच येते. तुले काहून नाही येत?” वर सांगते कशी, रुखमाताईच्या लग्नात ती काकूने केलेला परकर घालणार, लाल, पिवळ्या ठिपक्यांचा. मी तिच्यासाठी शिवायला काढलेलं फुलाफुलांचं छीट मशीनवर तसंच पडून होतं. मला रात्रीचं जेवण गेलं नाही. (थोडं गेलं. वांग्याची भाजी होती.)

मग मीही ठरवलं, की लग्नात गुलाब परकर घालेल तर आईच्या हातचाच. घरात एक पांढरं मऊ मलमल पडलेलं होतं (कोणतं ते पुढे बघू), ते घेतलं. मंदाच्या पुड्यांना मी हात लावणार नव्हते. होळीसाठी वाळवलेली पळसाची फुलं उरली होती, ती भिजत घातली, म्हणजे केशरी रंग आपल्याच जंगलातला. आणि तिचे हरभरे तरी कशाला घेऊ? आपल्या घरी धानाला काय तोटा! बियाण्याच्या पोत्यातून ओंजळभर घेतलं, चांगलं टपोरं. दुपारी सगळे झोपले की मी आतल्या खोलीत दार लोटून बसायची. एका गाठीत चार-चार दाणे. दोनशे बारा गाठी मारल्या, बाई. नखं दुखायला लागली, पण त्या गाठी तू पाहायला हव्या होत्या. मंदाच्या गाठी बोराएवढ्या असतात, माझ्या वाटाण्याएवढ्या.

कापड एक दिवस रंगात ठेवलं. मग मनात आलं, रंग अजून मुरायला हवा. बाहेर वाळत टाकावं तर मंदाला दिसेल. म्हणून पिळून टोपलीत ठेवलं, वर ओलं पोतं पांघरलं, पोत्यावर पाट्याचा दगड ठेवला आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत राहिले. लिहिताना तुझ्या लक्षात आलंच असेल. तू हसतेयस. पण मला सांग, टोपली, ओलं पोतं आणि दगड हे कोणी शिकवलं होतं मला? दर मृगाच्या आधी आपल्या आईनेच ना? डोक्यात मंदा होती, हात आपले सवयीने चालत होते.

तिसऱ्या दिवशी मंदा तिचा तो लाल परकर दोरीवर टाकत होती. अंगणात पोरं, बाया, सासूबाई, हे, सगळे हजर. म्हटलं हीच वेळ. टोपली आणून मधोमध ठेवली आणि पोतं उचललं. बाई, धानाला मोड आले होते! दोनशे बारा गाठींतून मोड बाहेर. मुळ्या मलमल फोडून पार गेलेल्या, काही ठिकाणी हिरवी पाती. दोरे सोडायला गेले तर प्रत्येक गाठीखाली भोक. मग सासूबाई म्हणाल्या, “कुंता, चिखलाच्या बांधीत नेऊन रोवना लाव आता या रोपांचा.” त्यावर जे हसणं सुरू झालं ते शेजारच्या आळीत ऐकू गेलं असेल. हे तर खाली बसून हसले. पोटावरचं ते पिवळं चक्र वर-खाली होत होतं. मंदा मात्र हसली नाही. त्याचा जास्त राग आला.

म्हणून बाई, धाकटी बहीण म्हणून पदर पसरून एक मागते. मंदाला लग्नाचं वेगळं बोलावणं पाठवू नकोस. आमच्या घरच्या पत्रिकेतल्या ‘सहकुटुंब’मध्ये ती आली तेवढं पुरे. आलीच तर शेवटच्या पंगतीला बसव. माझं मन लहान झालंय, हे मला कळतं. तू मोठी आहेस, समजून घे.

लहानांना आशीर्वाद, दाजींना नमस्कार.

तुझीच,
कुंता

ता. क. ते मलमल कोणतं, हे सांगायचं राहिलं. तुझ्या व्याह्यांच्या फेट्यासाठी तू मला इथल्या बाजारातून आणून ठेवायला सांगितलं होतंस, तेच. नऊ हात. मी परकराच्या मापाचंच कापणार होते, उरलेल्याचा फेटा झाला असता. पण कापायच्या आधीच सगळं बुडवून बसले. रागावू नकोस. तुझा गुडघा दुखेल.

ता. क. दुसरा. पत्र पेटीत टाकायचं काल राहून गेलं, म्हणून आज पुढचं लिहिते. सकाळी उठून पाहते तर गुलाब अंगणात. तिने कापडातला एकेक मोड नखाने अलगद काढून फुटक्या घमेल्यात लावला होता आणि त्याच्या भोवती सगळी गल्ली बसली होती. लिंबाखालची सतरंजी रिकामी. कापड हातात धरून ती सगळ्यांना सांगत होती, “माह्या आईनं कपड्यावर धान पिकवलं. काकूले नाही येत.” मी चुलीपाशी जाऊन बसले आणि रडले. धूर होता म्हणून बरं.

ता. क. तिसरा, आणि हा नीट वाच. दुपारी मंदा माझ्याजवळ येऊन बसली आणि विचारते, “वैनी, इतक्या बारीक गाठी कशा मारल्या जी? मले शिकवा ना.” बाई, तिचा चेहरा पाहिला आणि ओळखला. गेले पंधरा दिवस आरशात माझा तसाच दिसत होता. तीन वेळा विचारायला लावलं, मग शिकवलं. बदल्यात तिने प्रत्येक भोकाभोवती लाल धाग्याने टाका घालायला घेतलाय. लांबून ते मुद्दाम केलेलं वाटतं. आता हा फेटा व्याह्यांच्या डोक्यावर चढवायचा, तर हल्ली असेच केशरी भोकाभोकांचे फेटे चालतात असं त्यांना कोणीतरी सांगायला हवं. मी सांगितलं तर तुमच्या सानगडीत कुत्रं ऐकणार नाही. नागपूरवालीने सांगितलं तर पुढच्या वर्षी अख्खं गाव तसला फेटा बांधेल. तेव्हा मंदाला वेगळी पत्रिका पाठव, अक्षता लावून, आणि पहिल्या पंगतीत मानाने बसव.

गुलाबचं पान मात्र माझ्याच शेजारी मांडायला सांग. तिने छिटाचा परकर घालायचं कबूल केलंय.