टिकल्यांची अदलाबदल

चि. सौ. नम्रता,

तुझ्या साहेबांचा फोन आला तर घेण्याआधी हे वाच.

एक बटण दाबलं की हवं ते उघडावं, असं तू कॉम्प्युटरवर मला करून दिलंस आणि खुणेला टिकल्या लावल्यास. लाल दाबली की माझी पालीची मैत्रीण गोदा दिसते, हिरवीने भजनं लागतात, काळीने तुझं ऑफिस उघडतं. काल दसऱ्याला पूजेसाठी मी बटणं ओल्या फडक्याने पुसली. टिकल्या निघाल्या, त्या अंदाजाने परत चिकटवल्या आणि तुला बोलले नाही.

आज तू बाजारात गेलीस आणि मी लाल दाबली. चित्र यायच्या आधीच बोलत सुटले, "गोदे, आमची सून दुपारची ताणून देते नि पगार घेते!" पलीकडून एक माणूस म्हणाला, "काकी, नम्रता मॅडम कुठे आहेत?" तुझं सगळं ऑफिस बसलं होतं. मी उठून पळाले.

रात्री माझे गुडघे शेकत जागतेस म्हणून दुपारी तुझा डोळा लागतो, हे मी गोदालाही कधी सांगितलं नाही. तेच सांगायला पालीला जाते. साहेबांनाही मीच सांगेन, तू फोन लावून दे.

पडद्यावर 'ऑफिस' असं मोठ्या अक्षरांत आलं होतं. तूच मला वाचायला शिकवलंस, आणि मी टिकलीवरच विसंबले. टिकल्या काढून टाकल्यात. बटणांवर नावं लिहून दे, वाचून दाबेन.

बांगडे साफ करून ठेवलेत. संध्याकाळच्या एसटीने परत येते. हवं ते बोल, पण अबोला धरू नकोस.

आई