मयत कोयत्याची नोंद

मी, मच्छिंद्र आसाराम गर्जे, वय चव्वेचाळीस, राहणार पाथर्डी, जिल्हा अहमदनगर, साखर कारखान्याच्या संगणक विभागात नोकरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. पुढच्या आठवड्यात पुण्याला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या भावाचा त्यावर एरवी विश्वास बसणार नाही. कोणाचा दबाव नाही. लाज मात्र आहे, आणि तिच्याच दबावाखाली कलम तीन लिहिले आहे.

१. पाथर्डीतील राहते घर व बँकेतील ठेव पत्नी सौ. सत्यशीला हिला. आम्हाला मूलबाळ नाही. माझी आई लंकाबाई हयात असेतो पुढच्या खोलीत राहील. पाहुणे आले म्हणून तिला पडवीत हलवू नये.

२. गावाकडची माझ्या वाट्याची जमीन धाकटा भाऊ वाल्मिक याला. तो माझ्या लग्नात मानपानावरून रुसून बसला तो अजून उठलेला नाही. आता जमीन घ्यावी आणि उठावे. विहिरीवरची मोटार मी बसवली होती, एवढे मात्र त्याने चारचौघांत एकदा कबूल करावे.

३. ऊसतोड मजुरांचा प्रोग्राम. तो कारखान्याचा आहे, मृत्युपत्राने देता येत नाही, हे मला कळते. पण त्याच्या पोटात काय आहे हे एकट्या मला ठाऊक आहे. ते मी माझी सहकारी कु. भारती रंभाजी साळवे, राहणार पारनेर, हिला देतो.

हा प्रोग्राम मी अठ्ठ्याऐंशी साली लिहिला. त्यात सालाचे दोनच आकडे आहेत, म्हणून सन दोन हजार उजाडायच्या आत तो त्याच संगणकी भाषेच्या नव्या आवृत्तीत न्यावा लागतो आहे. जुनीला चालणाऱ्या कितीतरी ओळी नवीला चालत नाहीत. कोणती ओळ कशासाठी, याची टीप मी कुठेही लिहिली नाही. आपल्यावाचून अडावे अशी इच्छा होती, अडले. पुण्याहून आलेला इंजिनिअर संगणक खोलीबाहेर बूट काढायला लावले म्हणून आधीच फुगला होता. तो म्हणाला, "जसंच्या तसं उतरवून देतो." भारतीने त्याला अडवले. मला म्हणाली, "सर, जसंच्या तसं कसं चालंल? ह्यात बायाच न्हाईत."

खरे आहे. आमच्याकडे ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मीही मजुरांच्या यादीत कोयत्याला एकच ओळ दिली आणि ओळीत नाव नवऱ्याचे. मला तसे कोणी सांगितले नव्हते. कोयत्यावरच्याच घरात वाढलो, विचारायचे सुचलेही नाही. नवरा वारला की नावाचा रकाना रिकामा, आणि रिकाम्या रकान्यावर प्रोग्राम पुढे सरकत नसे. ते दुरुस्त करायचे तर सगळेच उसवावे लागले असते. मी ऑपरेटरांना सांगितले, "जुनंच नाव राहू द्या."

असे पहिले नाव माझ्या वडिलांचे. ते एक्क्याण्णव साली वारले. आई टोळीबरोबर जातच राहिली. माझे तिने ऐकले नाही. मी फार जोर धरला असेही नाही. माझ्या प्रोग्रामात मात्र वडीलच ऊस तोडत होते. मजुरांच्या विम्याची यादी त्यातूनच निघते. शहाण्णव साली बैलगाडीचे चाक आईच्या पायावरून गेले. अर्ज परत आला: या नावाची बाई यादीत नाही. मेलेल्या बापाचा विमा मी दर हंगामाला उतरवला आणि जित्या आईचा नाही. ती लंगडत चहा घेऊन येते तेव्हा मला मान वर करवत नाही.

म्हणून भारतीने नव्या आवृत्तीत माणसागणिक ओळ करावी. या विधवांची नावे कुठेच नाहीत. हंगामाला टोळ्या कारखान्यावर उतरल्या की त्यांच्या झोपड्यांवर, कोपीकोपीला जाऊन विचारावी लागतील. इंजिनिअर म्हणेल, मयत नावे सरसकट काढून टाकू. तसे केले तर त्या बायांचा उरलासुरला मागही पुसला जाईल. आधी बाईचे नाव घालावे, मगच नवऱ्याचे काढावे. या फिरतीसाठी माझी स्कूटर भारतीला. ती शिव्या दिल्याशिवाय चालू होत नाही, सवय होईल.

४. हे कलम आज वाढवले. साक्षीदारांना कागद वाचून दाखवत होतो, तेव्हा आई दाराशी येऊन बसली. कलम तीन मी गिळणार होतो. सत्यशीला म्हणाली, "वाचा." वाचले.

आई म्हणाली, "मला ठाऊक हुतं."

"आन् बोलली न्हाईस?" मी विचारले.

"मुकादम यादीवरनं हजेरी घ्यायचा. रोज सकाळी त्यांचं नाव पुकारायचा, मी व्हय म्हनायची. तेवढंच त्यांचं नाव कानावर पडायचं." तिने पायावरून हात फिरवला. "आता माझं लिव. आन् त्यांना सोड बाबा. लई दमले असतील."

नव्या आवृत्तीतली पहिली ओळ लंकाबाईची राहील. ती घालून वडिलांचे नाव पुण्याला जाण्याआधी मी स्वतः काढीन. तेवढे काम भारतीवर सोपवत नाही.

ठिकाण: पाथर्डी
दिनांक: २४ ऑगस्ट १९९९
सही: मच्छिंद्र आसाराम गर्जे

आम्हा दोघांसमोर सही झाली. सही करताना ते पूर्ण शुद्धीवर होते.

साक्षीदार:
१. कानिफनाथ गहिनीनाथ पालवे, शिक्षक, पाथर्डी
२. महेंद्र गोरक्ष शिरसाट, औषध दुकानदार, पाथर्डी